सुट्टी आहे, शाळा भरेल

पावसाळ्यात नाशिकमध्ये दोन माणसं भेटली, की "काय, बरं आहे ना?" असं कुणी विचारत नाही. "मारुतीला कुठवर आलं?" असं विचारतात. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, मारुती नावाच्या कुणा गृहस्थाला सूज आलीय आणि ती कुठवर चढली याची चौकशी चालू आहे. तसं नाही. गंगेच्या काठी, रामकुंडाशेजारी आमचा दुतोंड्या मारुती उभा आहे. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. काशीकरांची हरकत असल्यास त्यांनी समक्ष येऊन बोलावं.) पाटबंधारे खातं पुराचं पाणी क्युसेकमध्ये मोजतं, नाशिककर मारुतीत मोजतो. पाणी पायाला लागलं, की घाटावरचे टपरीवाले सामान आवरू लागतात. गुडघ्याला आलं, की गावात बातमी फुटते. कमरेला आलं, की मंडळी पोराबाळांना घेऊन बघायला निघतात. छातीला आलं, की सराफ बाजारातले लोक माल वरच्या मजल्यावर चढवतात. आणि गळ्याला लागलं, की ज्यांनी पोरांना बघायला नेलेलं असतं तेच "घरात बसा!" म्हणून त्यांच्यावर ओरडू लागतात. एक क्युसेक म्हणजे नेमकं किती पाणी, हे अजून एकाही नाशिककराच्या डोळ्यांपुढे उभं राहिलेलं नाही. कंबर मात्र प्रत्येकाला असते.

मारुतीच्याही पलीकडचं एक माप आहे. पंचवटीच्या बाजूला नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ साली बांधलेलं. त्याच्या दर्शनी भागात एक अवाढव्य घंटा टांगलीय. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. पुराचं पाणी त्या घंटेला लागलं आणि ती वाजली, की महापूर आला असं समजायचं, अशी जुन्या लोकांची बोली. आता पोर्तुगीजांच्या घंटेनं पेशव्यांच्या सरदाराच्या देवळात टांगून घेऊन नाशिककरांना पुराची वर्दी द्यायची, यात इतिहासाचा काहीतरी विनोद आहे. पण तो इतिहासाच्या प्राध्यापकांसाठी सोडून देतो. आमचा प्रश्न लहानपणापासून एकच होता : मारुतीला कुठवर आलं म्हणजे शाळेला सुट्टी मिळते?

त्या काळी पावसाची सुट्टी आदल्या दिवशी कळत नसे. ती भिजून मिळवावी लागे. डोक्यावर पोत्याची खोळ किंवा थोरल्या भावाची छत्री (आठ काड्यांपैकी पाच शाबूत) घ्यायची, दप्तर सदऱ्याच्या आत पोटाशी धरायचं आणि तिवंध्याच्या उतारावरून वाहणाऱ्या पाण्याशी शर्यत लावत शाळा गाठायची. शाळेच्या दारात शिपाई. हेडमास्तर व्हरांड्यात उभे राहून एकदा आभाळाकडे आणि एकदा हजेरीपटाकडे बघत. निम्मी पोरं आलेली नाहीत, आलेल्यांपैकी निम्मी कुडकुडतायत, तीन वर्गांत कौलं गळतायत आणि चौथ्यात गळण्याच्या बेतात आहेत, असा सगळा हिशेब झाला की ते शिपायाकडे बघून नुसती मान हलवत. एवढी बारीक हालचाल आणि तिचा एवढा मोठा आवाज मी पुन्हा कुठे अनुभवला नाही. घंटा होई आणि अडीचशे पोरं एका दारातून एकदम बाहेर पडत. पाऊस तेव्हा हमखास थांबलेला असे. पण झालेली घंटा मागे घेता येत नाही, हा त्या शाळेचा अलिखित नियम होता आणि हेडमास्तर शब्दाचे पक्के होते.

आमचे गणिताचे मास्तर राहायला पंचवटीत. शाळा अलीकडे, मास्तर पलीकडे, मध्ये गंगा. त्यामुळे आमच्यापुरती गोदावरी ही नदी त्र्यंबकेश्वराला उगम पावून थेट गणिताच्या तासाला मिळत होती. भूगोलाच्या पुस्तकात ती बंगालच्या उपसागराला मिळते असं दिलेलं आहे, पण पुस्तक लिहिणाऱ्याला त्रैराशिक नव्हतं बहुधा. अर्थात मास्तरही कमी नव्हते. पुराचं पाणी घाटावर कितीही नाचलं तरी वर व्हिक्टोरिया पूल आहे, हे त्यांना ठाऊक होतं. (त्या पुलाला आता अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे आणि ते जास्त शोभतं.) उलट्या झालेल्या छत्रीचा दांडा हातात धरून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते पूल ओलांडून यायचे आणि ओल्या हातानं फळ्यावर अपूर्णांक लिहायचे. ओल्या खडूचे ते अपूर्णांक फार ठळक उमटत.

१९६९ सालच्या सप्टेंबरात मात्र गंगेनं आमचं गाऱ्हाणं फारच मनावर घेतलं. मी तेव्हा दहा वर्षांचा. नाशिकमध्ये अजूनही कुठलाही पूर आला की जुनी माणसं "हे काहीच नाही, एकोणसत्तरला…" म्हणून सुरुवात करतात. त्या जुन्या माणसांत आता मीच मोडतो, म्हणून थोडक्यात सांगतो. मारुती दिसेना. घाट, देवळं, छोटे पूल सगळं गडप होऊन एकच तांबडं पाणी. सराफ बाजारात पाणी, भांडी बाजारात पाणी. वडिलांनी मला खांद्यावर बसवून लांबून, उंचावरून ते दाखवलं. पाण्याला आवाज असतो हे तोवर माहीत होतं; पण तो आवाज छातीत ऐकू येतो हे त्या दिवशी कळलं. वडील एरवी बोलके. तिथे अर्धा तास गप्प उभे होते. घरी परतताना एवढंच म्हणाले, "हिच्याशी मस्करी करायची नाही."

शाळेला सलग सुट्टी मिळाली, आणि त्या सुट्टीचं कारण सुट्टी संपल्यावर कळलं. आमच्या वर्गात घाटालगतची बिऱ्हाडं येऊन राहिली होती. ज्या बाकावर मी कर्कटकानं नाव कोरलं होतं, त्यावर म्हणे कुणाचं तरी तान्हं मूल निजवत. शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गात चुलीचा वास होता आणि फळ्यावर कुणीतरी दुधाचा हिशेब लिहून ठेवला होता. गणिताच्या मास्तरांनी तो पुसण्याआधी तपासला, आणि बेरजेतली चूक काढून मगच पुसला. माझ्या शेजारी बसणारा मुलगा त्यानंतर शाळेत आला नाही. त्याचं घर घाटाला लागून होतं. ते लोक ओझरला मामाकडे राहायला गेले असं पुढे कळलं. त्याची पाटी माझ्याकडे होती, ती बरीच वर्षं होती.

असो. सांगायची गोष्ट निराळीच आहे.

गेल्या एका पावसाळ्यात, रात्री दहाच्या सुमारास आमच्या घरातले सगळे फोन एकामागून एक कुंईकुंई करू लागले. हल्ली पावसालाही रंग असतात. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल. हवामान खात्यानं आमच्या जिल्ह्याला लाल रंग दिला होता. त्यापाठोपाठ जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला : उद्या सर्व शाळांना सुट्टी. पूर्वी जो निर्णय हेडमास्तरांच्या मानेवर अवलंबून होता, तो आता आदल्या रात्री सही-शिक्क्यानिशी घरपोच मिळतो. त्याचा खरेपणा तपासण्यात अर्धी रात्र जाते ती गोष्ट वेगळी, कारण त्याच सही-शिक्क्याचे दोन-चार बनावट आदेशही दर पावसाळ्यात फिरत असतात आणि ते कुठल्या इयत्तेतून निघतात याचा मला दाट संशय आहे. हा आदेश मात्र खरा होता. आमची नात पाचवीत आहे. तिनं पलंगावर उभं राहून जी आरोळी ठोकली, ती ऐकून खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दिवे लावले. मला बरं वाटलं. म्हटलं, पन्नास-पंचावन्न वर्षांत बाकी सगळं बदललं, एवढी एक आरोळी तशीच आहे.

दहा मिनिटांनी शाळेचा निरोप आला. मी तो दोनदा वाचला. "जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार उद्या शाळेस सुट्टी राहील. सर्व तासिका नियमित वेळापत्रकाप्रमाणे ऑनलाइन होतील. विद्यार्थ्यांनी गणवेशात उपस्थित राहावे." सुट्टी आहे, शाळा भरेल. मी बँकेत छत्तीस वर्षं परिपत्रकं वाचण्यात घालवली आहेत. 'कर्ज मंजूर करण्यात येत असून रक्कम अदा करण्यात येऊ नये' अशा थाटाची वाक्यं मी कोळून प्यायलेला माणूस. पण पहिल्या वाक्यात दिलेली वस्तू दुसऱ्या वाक्यात इतक्या सफाईनं काढून घेतलेली मीही पाहिली नव्हती. नात पलंगावरून खाली उतरली. आवाज न करता उतरली, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

"हा शुद्ध अन्याय आहे," मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं.

"बाबा," सूनबाई म्हणाल्या, "तुमच्या वेळी पावसाची सुट्टी मिळाली, की घरी कोण असायचं?"

"आई. आजी. दोन काकू."

"उद्या माझ्या ऑफिसला सुट्टी नाही. ह्यांच्या कारखान्याला नाही. आईंचे गुडघे धरलेत. मग ही दिवसभर काय करणार? तुमच्याबरोबर मारुती बघायला जाणार?"

तिनं मनातलं बरोबर ओळखलं होतं. सुनेच्या बोलण्यात तथ्य असलं, की सासऱ्यानं वर्तमानपत्र उघडावं. पण रात्री दहा वाजता सकाळचं वर्तमानपत्र दोनदा वाचून झालेलं असतं. शिवाय ऑनलाइनची ही विद्या आमच्या घरी शिरली तेव्हा तिनं उपकारच केले होते, हेही खरं. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली, तेव्हा मास्तर-बाईंनी रातोरात शिकून घेऊन त्या चौकटीतून पोरांना धरून ठेवलं. ज्यांच्या घरी तो फोन नव्हता त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं. संकटात मिळेल ते अन्न गोड. पण दुष्काळात मिलो खाल्ला म्हणून सुकाळात कुणी लग्नाच्या पंगतीत मिलो वाढत नाही. इथे नेमकं तेच झालंय. शाळेला एकदा कळलं, की पोरगं घरी असलं तरी त्याला बसवता येतं. आता पाऊस पडो, पूर येवो, वेळापत्रक कोरडं राहतं.

शाळेचीही एक बाजू असते, आणि ती आमच्या व्याह्यांनी मला समजावून दिली. ते निवृत्त मुख्याध्यापक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षातून किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. त्यातून सण, परीक्षा, निवडणुका, स्नेहसंमेलन वजा करा. एक दिवस बुडाला की तो कुठल्या तरी शनिवारी भरून काढा. "दिवस भरणं ही मोठी कटकट असते हो," ते म्हणाले. गरोदर बाईबद्दल बोलावं तसं बोलले. मला पटलं. मुलांच्या आयुष्यातला दिवस बुडतो तेव्हा तो वर येतो की नाही हे कुणी बघत नाही. शाळेचा बुडालेला दिवस मात्र गळ टाकून काढावा लागतो.

माझा भाचा न्यूयॉर्कला असतो. त्याला मी त्या रात्रीच फोनवर ही कथा सांगितली, तर तो हसायलाच लागला. म्हणे, "मामा, आमच्याकडे हे कधीच झालंय." तिकडे पावसाऐवजी बर्फाची सुट्टी असते. आणि ती मिळावी म्हणून तिथली पोरं काय काय करतात! रात्री झोपताना पायजमा उलटा घालतात. उशीखाली चमचा ठेवतात. फ्रिजमधले बर्फाचे तुकडे संडासात टाकून पाणी सोडतात. आमच्याकडे पाऊस यावा म्हणून कडुनिंबाच्या डहाळ्यात बेडूक बांधून दारोदार धोंडी मागतात, त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हे नोंदवून ठेवावं. तर २०२० च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण खात्यानं जाहीर केलं, की यापुढे बर्फ पडला तर मुलांनी घरून शिकायचं. भाच्याच्या मुलानं त्या रात्रीपासून पायजमा सुलटा घालायला सुरुवात केली. पुढे १३ फेब्रुवारी २०२४ ला मोठा बर्फ पडला. शहरानं शाळा बंद ठेवून सगळे वर्ग ऑनलाइन भरवले, आणि सकाळी लाखो मुलांनी एकदम कडी वाजवल्यावर ते ऑनलाइनचं दारच उघडेना. एवढं मोठं शहर, एवढी यंत्रं, आणि सकाळभर पोरं उंबऱ्याबाहेर. "मग त्यानं काय केलं?" मी विचारलं. "बर्फात गेला," भाचा म्हणाला. मला त्या न पाहिलेल्या शहराबद्दल जरा आपुलकी वाटू लागली. दिल्लीत तर २०२४ च्या नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली, की धुरामुळे शाळा ऑनलाइन करावी लागली. तिथे निदान बाहेर जाऊन खेळण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, त्यामुळे पोरांचं नुकसान दुहेरी असलं तरी वाद एकेरी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आमच्या दिवाणखान्यात शाळा भरली. बाहेर धो धो पाऊस. (लाल रंग दिला की ऊन पडतं, असा नाशिकचा अनुभव आहे. पण त्या दिवशी खात्यानं शब्द पाळला.) नातीनं वर गणवेशाचा शर्ट घातला, टाय लावला, केसांना रिबिनी बांधल्या आणि खाली फुलाफुलांचा पायजमा ठेवला. समोरच्या काचेत तेवढंच दिसतं. म्हणजे त्या दिवशी गावात पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत होतं आणि गणवेश आमच्या नातीच्या कमरेपर्यंत.

मी वर्तमानपत्राच्या आडून तास ऐकत होतो. पहिली पंधरा मिनिटं "मॅम, आवाज येत नाही" आणि "आता येतोय का?" यात गेली. मग हजेरी. मग कुणाच्या तरी घरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि सगळ्या वर्गानं त्या मोठ्यानं मोजल्या. कुणाच्या तरी आजी चौकटीतून आडव्या निघून गेल्या, परत आल्या, आणि थांबून "ही तुझी बाई का रे? बारीक आहे," म्हणाल्या. बाई बिचाऱ्या हसल्या. त्यांच्याही मागे पलंगावर एक छोटा मुलगा उड्या मारत होता. त्याला त्या अधूनमधून न बघता हातानं खाली दाबत होत्या. सुट्टी त्यांचीही गेली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आमचे मास्तर भिजत यायचे, पण आल्यावर निदान टॉवेल मिळायचा.

तास इंग्रजीचा होता. धडा कुठला? बर्फाचा माणूस. बर्फ कसा पडतो, पोरं त्याचा गोळा कसा करतात, त्याला गाजराचं नाक कसं लावतात. आमच्या जिल्ह्यात थंडी नाही असं नाही. निफाडला पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षवाले बागा जगवायला रात्री शेकोट्या पेटवतात. पण गाजराचं नाक लावण्याइतका बर्फ गेल्या काही हजार वर्षांत तरी इथे झालेला नसावा. बाई समजावून सांगत होत्या, "मग मुलांना सुट्टी मिळते आणि ती सगळी बाहेर खेळायला जातात. हाऊ नाइस, ना?" छत्तीस चौकोनांतून छत्तीस टाय लावलेली मुलं तिकडे बघत होती. बाहेर पागोळ्या गळत होत्या. विनोद करायला मी असतो, पण काही वेळा परिस्थिती मला कामच ठेवत नाही.

त्याच वेळी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई आल्या. बरोबर त्यांची मुलगी. तीही पाचवीत, पण महापालिकेच्या शाळेत. तिच्या शाळेला सुट्टी म्हणजे सुट्टी होती. ऑनलाइन वगैरे काही नाही. घरात एक फोन, तो तिच्या वडिलांबरोबर रिक्षात. नातीनं चौकटीतून मान वळवून तिच्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यात निव्वळ हेवा होता. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच कॉलेज रोडनं नदीकाठाचा हेवा केला असेल.

"मारुतीला कुठवर आलं गं?" मी मुलीला विचारलं.

"पहाटे कमरेला होतं, आजोबा. आम्ही निघालो तेव्हा वर चढत होतं."

मग ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगू लागली. रात्री भोंगा फिरला : धरणातून पाणी सोडतायत, सावध राहा. आईनं ट्रंक माळ्यावर टाकली. पिठाचा डबा पलंगावर, पलंगाखाली विटा. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं तेव्हा वडिलांनी पायरीवर खडूनं रेघ मारली आणि दर अर्ध्या तासानं बॅटरी लावून रेघ बघायचं काम हिला दिलं. पाणी एका रेघेच्या वर आलं, मग थांबलं. शेजारच्या म्हातारीला उचलून शाळेत नेऊन ठेवलं. "आमच्याच वर्गात," ती म्हणाली. "माझ्या बाकाजवळ." हे सांगताना तिला थोडा अभिमान वाटत होता. तिची आई पोळ्या लाटत होती. लाटणं जरा जोरात वाजत होतं. रात्रभर झोप नव्हती, तरी ती आली होती. तिच्याही कामाला सुट्टी नव्हती.

ही गोष्ट मी पुढे आमच्या व्याह्यांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "अहो, हे तर शहरातलं. पेठ-सुरगाण्याकडे बघा." त्यांची तिकडे बारा वर्षं नोकरी झालेली. आमच्या जिल्ह्यात पाऊस खरा कोसळतो तो पेठला, सुरगाण्याला, इगतपुरीला, त्र्यंबकला. तिथे ओहोळ फुगला की पाड्यावरचं पोर शाळेत पोचूच शकत नाही. खरी सुट्टी लागते ती तिथे. आणि तिथे रेंज मिळवायची तर फोन घेऊन टेकडी चढावी लागते, तीही पावसात. म्हणजे जिथे वर्ग घरी न्यायची खरी गरज आहे तिथे वर्ग पोचत नाही, आणि जिथे पोचतो तिथे शाळा चालत पाच मिनिटांवर. छत्रीसकट सहा.

साडेदहाच्या सुमारास दिवे गेले. आधी पंखा थांबला, मग त्या यंत्राचे ते हिरवे डोळे मिटले, आणि बाई "सो चिल्ड्रन, द स्नोमॅन…" एवढं म्हणून तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजल्या. बर्फाचा धडा होता, त्या मानानं ठीकच झालं. नातीनं आधी माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तिनं टाय काढून खुर्चीला बांधला आणि दोघी गॅलरीत पळाल्या. तासाभरात आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या वह्यांच्या होड्या झाल्या. खालच्या मोरीच्या तोंडाशी पाणी तुंबलं होतं, तिथे त्या उतरल्या. पोळीवाल्या बाईंच्या मुलीनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर खडूचा तुकडा मागून घेऊन जिन्याच्या पायरीवर रेघ मारली. नातीला वाटलं हा खेळ आहे. दोघी दर पाच मिनिटांनी जाऊन रेघ बघत होत्या. सौ. गुडघ्याला शेकत वरून म्हणाल्या, "कपडे भिजतायत त्यांचे." म्हणाल्या एवढंच. बोलावलं नाही.

संध्याकाळी दिवे आले, सूनबाई आल्या, आणि शाळेचा निरोप आला : आज अपूर्ण राहिलेला गृहपाठ उद्या सकाळी दाखवावा. विषय, 'पावसाळ्यातील एक दिवस'. दहा ओळी. नात पेन्सिल चावत बसली. सकाळभर खुर्चीत बसलेल्या माणसानं पावसाळ्यातील दिवसाबद्दल काय लिहायचं? मग तिनं जे ऐकलं होतं तेच लिहिलं. ट्रंक माळ्यावर टाकली. पलंगाखाली विटा लावल्या. पायरीवर रेघ मारली. मी बॅटरी घेऊन रात्रभर रेघ बघत होते. म्हातारीला आमच्या शाळेत नेलं. फार छान लिहिलं होतं. मी काना-मात्रासुद्धा सुधारला नाही.

वही चार दिवसांनी तपासून आली. समासात तांबड्या शाईत एक चांदणी आणि खाली शेरा : "इमॅजिनेशन खूप छान!"

दुसऱ्या दिवशी पोळीवाल्या बाईंच्या मुलीला नातीनं वही दाखवली. तिनं बोट लावून सगळं वाचलं. चांदणी दोनदा बघितली.

"पिठाचा डबा राहिला," ती म्हणाली.

नातीनं पेन्सिल आणली आणि शेवटच्या ओळीखाली, शेऱ्याच्या शेजारी जागा होती तिथे, बारीक अक्षरात पिठाचा डबा लिहिला.